आपण दोघं पंच होतो, दिगू

दिगू, गेल्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत मी चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. त्यातली तीन खरी होती. चौथं खोटं होतं, हे मला सभा संपल्यावर घरी जाताना रस्त्यात कळलं.

खरी तीन अशी. आपण चौथीपर्यंत एका पाटावर बसलो. तू अमरावतीला जाऊन एम.ए. झालास आणि तरी परत याच गावात आलास. आणि तुझ्या प्रत्येक तासाचा पहिला विद्यार्थी मी होतो, शिवणयंत्रावर पाय ठेवून बसलेला, रशीद टेलर. चौथं वाक्य सगळ्यांना ऐकायचं होतं, म्हणून शेवटी ठेवलं. "आमच्या दिगंबर सरांनी कोर्टात पोलिसाची भीड धरली नाही, खरं ते सांगितलं, आणि त्यामुळं एक माणूस तुरुंगातून वाचला." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण मागच्या बाकांवरच्या पोरांनी वाजवल्या.

सभा उठल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. कॉलेज तुझ्या नावानं अंक काढतंय. "तुम्ही दुसरे पंच होता. कोर्टाची हकीकत तुम्हीच लिहा, चार पानं," म्हणाले. मी हो म्हणालो. न पाहता, न विचार करता हो म्हणायची माझी खोड जुनी आहे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

तू कसा गेलास, कोणत्या साली जन्मलास, ते बाकीचे लिहितील. माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे, आणि ती लिहायची की नाही याचा निवाडा आठ दिवस होत नव्हता. थकलोय रे. पाऊस दोन वर्षं नीट नाही, दुकानात कापड घेऊन येणारं कोणी नाही, यंत्राच्या पायडलवर कोळी जाळं करतोय. रिकामा बसलो की बाकाकडे लक्ष जातं. अशा वेळी माणसानं झोपावं. ते सोडून मी नीतिशास्त्र करतोय, आणि शिकवणारा मात्र निघून गेलाय.

अंक वाचणाऱ्या नव्या पोरांना ही बाकाची भानगड माहीत नसेल. गावात कॉलेज निघालं तेव्हा पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि नीतिशास्त्राला मास्तर नव्हता. तुला घेतलं. तू सगळं इंग्रजीतून शिकलेला. पोरं आलेली साखरखेर्ड्याकडून, वाड्यावस्त्यांवरून, त्यांना इंग्रजी म्हणजे अंगावर काटा. मग तू रोज तिसऱ्या प्रहरी दुकानात यायचास, बाकावर बसायचास आणि उद्याचा तास आज माझ्यावर घ्यायचास. "रशीद, तुले समजलं तं पोराइले समजंन." म्हणजे मी गावातला सर्वांत मठ्ठ माणूस ठरलो. पण बरं वाटायचं. दिवसभर लोकांच्या कमरा मोजणाऱ्या माणसाला कोणी नीती-अनीती विचारत नाही.

"पाह्य," तू म्हणायचास, "एक मत असं हाये, का ज्या कामानं जास्तीत जास्त लोकाइचं जास्तीत जास्त भलं होते, ते काम चांगलं."

"मंग दिवाईत मी काय करतो? दहा गिऱ्हाइकं बोंबलून राह्यले म्हणून एका गरीब बाईचं झंपर मांगं टाकतो. दहा खूश, एक नाराज. मी चांगला ना?"

तू चष्मा काढलास. "ते बाई काय म्हनते?"

"काईच म्हनत नाही. म्हणून तं तिचंच मांगं टाकतो."

दुसऱ्या दिवशी तू वर्गात माझं नाव घेऊन हे उदाहरण दिलंस. त्या दिवाळीला कॉलेजच्या पोरी आपापल्या आयांची झंपरं घेऊन दुकानात उभ्या, "आमचं मांगं टाकसान तं सराइले सांगून देऊ." एका मताचं खंडन मला फार महागात पडलं.

तुझा लाडका होता तो जर्मन बुवा. नाव तू दहादा सांगितलंस, माझ्या जिभेवर बसलं नाही. तो म्हणे, काही करण्याआधी विचारायचं, हेच सगळ्यांनी केलं तर चालेल का? चालत नसेल तर आपणही करायचं नाही, पुढं काहीही होवो. दारात खुनी येऊन दोस्ताचा पत्ता विचारू लागला तरी खोटं बोलायचं नाही. मी सुईत दोरा ओवत म्हणालो, "त्या जर्मनाले दोस्त नसंन कोनी." तू इतका हसलास की समोरचा पानवाला पाहायला आला.

मला पटायचा तो ग्रीक. त्याचं म्हणणं, चांगुलपणा ही सवय आहे, चांगली कामं करून करून माणूस चांगला होतो. हे शिंप्याला समजावून सांगावं लागत नाही. पहिलं काज फाटतं, दहावं वाकडं येतं, शंभराव्याला हात वळतो. तू म्हणायचास, "पन पयलं काज कोनाचं पाहून करायचं, थे महत्त्वाचं." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

आता ती दुपार.

चैत्र होता, ऊन मी म्हणत होतं. तू बाकावर बसून जर्मन बुवाचाच तास घेत होतास. पोलीस शिपाई येऊन दारात उभा राहिला. "जमादारसायबानं बोलावलं. जप्तीले दोन पंच पाह्यजे." तू त्याला हातानं थांबवलंस आणि वाक्य पुरं केलंस, "सगळ्यायनं असंच केलं तं चालंन काय, हे इचारायचं." मग आपण उठलो.

जप्ती होते तेव्हा दोन भल्या माणसांनी ती डोळ्यांनी पाहावी आणि मग कागदावर सही करावी, असा कायदा. चौकीत टेबलावर ऑइल इंजिनाचा पट्टा गुंडाळून ठेवला होता. कोपऱ्यात सुखदेव बसला होता, विहिरी खोदणारा, पायांवर अजून मुरमाची पांढरी धूळ. एका बागाइतदाराच्या इंजिनावरून पट्टा चोरीला गेला होता.

"सर, तीन कोस उन्हात त्याच्या झोपडीवर कुठं येता?" जमादार म्हणाला. त्याचा गणवेश मीच शिवायचो, पोटाचा घेर दर वर्षी बोटभर वाढवून. "पट्टा हा हाये, मानूस थो हाये. त्याच्याच झोपडीतून म्या सोता काढला. लिवून तयार हाये, फक्त सही करा."

चहा आला. मी पहिली सही केली. खरं म्हणजे चहा निवेल म्हणून घाई केली. तू कागद वरपासून खालपर्यंत वाचलास, 'आम्ही पंच समक्ष हजर असताना' इथं थांबलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी बशीत चहा ओतत होतो. मग माझ्या सहीखाली तू सही केलीस. सुखदेव आपल्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

परत येताना तू राहिलेला तास पुरा केलास. सगळ्यांनी केलं तर चालेल का, याची आणखी दोन उदाहरणं दिलीस, दोन्ही चांगली होती. नुकतं आपण काय केलं ते ना तुला दिसलं ना मला. आज मला सहीपेक्षा हे जास्त लागतं.

वर्षानं कोर्टाचं समन्स आलं तेव्हा दिसलं. दोन रात्री मी जेवलो नाही. तू मात्र आठ दिवस दुकानात येऊन भांडलास, माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही. खरं सांगावं तर जमादाराची नोकरी जाते, त्याला चार मुली. सुखदेव सुटतो, आणि तो चोर असेल तर चोर सुटतो. आपलं गावात हसं होतं ते वेगळंच. खोटं सांगावं तर न पाहिलेल्या गोष्टीसाठी माणूस आत जातो. जामीन होईपर्यंत सव्वादोन महिने तर तो गेलाच होता.

"तुहा जर्मन काय म्हनते?" मी विचारलं.

"थो काय म्हनते ते तुलेबी मालूम हाये."

"मंग भांडून काऊन राह्यला?"

तू चष्मा काढून पुसलास. मग म्हणालास, "आपुन ठरवून बोल्लो तं ते मसलत झाली बे, साक्ष नाही. तू तुह्यं ठरव, मी माह्यं ठरवतो. एकमेकाले सांगायचं नाही." मला ते फार थोर वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, हे आज कबूल करतो.

कोर्टात एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना दुसऱ्याला आत बसू देत नाहीत. माझा पुकारा आधी झाला. खुदाची शपथ घेतली. ही सही तुमची? हो. तुम्ही समक्ष हजर होता? हो. पट्टा तुमच्यासमोर झोपडीतून काढला? हो. सुखदेवाच्या वकिलानं एकच प्रश्न केला, "झोपडीचं दार कोणत्या दिशेला आहे?" मी म्हणालो, "पूर्वेला." बहुतेक घरांची दारं पूर्वेलाच असतात. इतकं सोपं होतं ते.

माझी साक्ष झाली होती, मी मागं बसून तुझी ऐकू शकलो असतो. बसलो नाही. दारात तू समोरून आत येत होतास, आपले खांदे घासले, आणि मी सरळ एसटी स्टँडवर जाऊन बसलो. तू अर्ध्या तासानं आलास. गाडीत तू खिडकीबाहेर पाहत होतास, मी पुढच्या बाकाच्या पत्र्याकडे.

पुढच्या महिन्यात निकाल लागला, सुखदेव सुटला. गावात जो तो म्हणाला, पंच फुटला. कोणता पंच फुटला हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. नीती शिकवणारा मास्तर एका बाजूला, आणि कापड चोरण्यासाठी म्हणींत बदनाम असलेला शिंपी दुसऱ्या बाजूला. लोक तुला वाटेत थांबवून नमस्कार करू लागले. तू "सोडा हो ते" म्हणून पुढं निघायचास. लोक म्हणाले, केवढा विनय! मीही तेच म्हणालो. जमादाराची नोकरी गेली नाही, नुसती बदली झाली. मी मनात म्हटलं, पाहा, खरं बोलूनही कोणाचं वाटोळं झालं नाही. मग मी का बोललो नाही?

तेव्हापासून मी तुझ्यासमोर मान वर करून बसलो नाही, दिगू. नऊ वर्षं. तू बाकावर बसलास की मी मुद्दाम काज करायला घ्यायचो, म्हणजे खाली पाहता येतं. त्याच साली मी दुसरी एक गोष्ट सुरू केली. गिऱ्हाइकाचं कापड उरलं की आम्ही शिंपी ते ठेवून घेतो, आजा ठेवायचा, बाप ठेवायचा, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. मी प्रत्येक शिवलेल्या कपड्याबरोबर त्याची उरलेली कतरण पुरचुंडी बांधून परत द्यायला लागलो. लोक हसले. बिरादरीतले दोन शिंपी भांडायला आले, तुझ्यामुळं आम्ही चोर ठरतो म्हणाले. मी कारण सांगितलं नाही. कारण तू होतास. माझ्या ओळखीचा एक माणूस उन्हात उभा राहून खरं बोलला होता, तर मला सावलीत बसून चिंधी परत करायला काय झालं होतं?

आणि मग तुझं ते सुरू झालं. तू वर्गात पोरांना सांगायला लागलास, "नीती शिकायची असंन तं पुस्तक ठेवा अन् रशीदच्या दुकानी जाऊन बसा." पोरं येऊन बसायची, माझ्या तोंडाकडे पाहायची. मला वाटलं तू मला टोमणे मारतोयस. कोर्टात मी काय बोललो ते तुला कळलंय आणि तू असा सूड घेतोयस. एके दिवशी मी कात्री आपटली. "असे जोडे हानू नको बे मले. सरळ तोंडावर बोल." "म्या काय केलं?" म्हणालास. मी म्हणालो, "तुले बराबर मालूम हाये." तू उठून गेलास आणि दोन महिने आला नाहीस. ईदला मात्र आलास. शीरखुर्म्याच्या दोन वाट्या खाल्ल्यास, तोंड पुसलंस आणि बाकावर बसून म्हणालास, "उद्या करारवाद हाये. आयकतं काय?" भांडण तिथंच राहिलं. मी काय ऐकलं, तू काय शिकवलंस, काही आठवत नाही. तू आलास एवढंच आठवतं.

आता त्या सभेची गोष्ट. सभेत तुझा एक विद्यार्थी बोलला. सर खरेपणाचा धडा शिकवायचे, सगळी मतं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, 'याचं उत्तर मले मालूम नाही. वहीत अर्धं पान कोरं सोडा.' पोरगं म्हणालं, सरांनी ते उत्तर कोर्टात जगून दाखवलं होतं, म्हणून लिहून दिलं नाही. सगळा मांडव हळहळला. मला आठवलं, आधी तू असा नव्हतास. आधी तू त्या धड्यात जर्मन बुवाच्या बाजूनं टेबल ठोकायचास.

सुखदेव मागं उभा होता, दुष्काळी कामावरून तसाच आलेला, अंगावर खडीची धूळ. वाटेत तो माझ्याबरोबर चालू लागला. बरंच चालल्यावर म्हणाला, "भाई, तुमी सभेत बोल्ले थे कोनाचं आयकून बोल्ले?"

"कोनतं?"

"सर कोर्टात खरं बोल्ले म्हनून."

मी थांबलो.

"सर तसे नाही बोल्ले. तुमी बोल्ले तसेच बोल्ले. तुमचे 'हो' तीन, त्याइचेबी तीन. दाराचं इचारलं तं तुमी पूर्व म्हनले, सरबी पूर्वच म्हनले. माह्या झोपडीचं दार उत्तरेले हाये, भाई."

"मंग तू सुटला कसा?"

"इंजनवाल्यानं सांगतलं, माह्या पट्ट्याले एक जोड हाये. कोर्टातल्या पट्ट्याले जोडच नवता. थो पट्टा म्या जालन्याहून जुना आनला व्हता, चपलाचे तळ कराले." तो हसला. "कोनी इचारलंच नाही मले."

रस्त्याच्या कडेला दगड होता, मी त्याच्यावर बसलो. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसानं आपल्या दोघांच्या साक्षी ऐकल्या होत्या आणि तोच एक जण गप्प होता. आपण त्याला चोर समजून खोटं बोललो, आणि तो चोरही नव्हता. मी विचारलं, "नऊ वर्षं काऊन बोल्ला नाही?"

"काय बोलू? तुमी माह्या पोराचे कपडे फुकट शिवून देत, वर कतरनही वापस देत. सरानं पोरीले कॉलेजात घातलं, मले सही शिकवली. तुमी दोघंबी मले पाह्यलं का मान खाली घालत. म्या म्हनलं, झालं. याच्याहून मोठा खटला म्या काय चालवू?"

त्या दिवशी मी घरी गेलो आणि तुझ्यावर चिडलो. मेलेल्या माणसावर चिडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. नऊ वर्षं मी ज्याच्यापुढं झुकलो तो माझ्याइतकाच निघाला! लोकांचे नमस्कार घेतलेस. 'सोडा हो ते' म्हणालास, 'मी खोटं बोललो' असं नाही म्हणालास. आणि वर मला म्हणायचास, नीती शिकायची तर रशीदकडे जा. तोंडात आलं ते सगळं तुला मनातल्या मनात बोललो. मग दमलो.

मग विचार पडला, अंकात लिहायचं काय? तू शिकवलेलं सगळं समोर आलं, एकामागून एक. जास्तीत जास्त लोकांचं भलं पाहिलं तर गप्प बसावं. वहिनीला आधार राहतो, पोरांना एक खरा मास्तर राहतो, कॉलेजच्या भिंतीवर तुझा फोटो ताठ राहतो. जर्मन बुवाला विचारलं तर तो एकच सांगणार. ग्रीकाला विचारलं तर म्हणेल, भल्या माणसाचं पाहून कर. आणि मी आजवर ज्याचं पाहून केलं, त्याचीच तर ही गोष्ट.

शेवटी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर ज्वारी पाखडत होती. हातातलं सूप खाली न ठेवताच तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल, नाहीतर मला उठून जायला सांगेल.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "त्याच दिवशी कोर्टातून आले अन् सांगतलं. म्हने, मी खोटं बोल्लो, अन् रशीद खरं बोल्ला असंन. मानूस सुटला तवा तं त्याइले पक्कंच झालं. म्हने, शिंपी असून त्यानं करून दाखवलं, अन् मी एवढे पुस्तकं वाचून..." तिनं दोनदा सूप पाखडलं. "मले शपथ घातली, रशीदले सांगू नको. त्याच्या बाकावर बसता आलं पाह्यजे म्हने मले."

दिगू, मग मला कात्री आपटल्याचा दिवस आठवला. तू टोमणा मारत नव्हतास. तू पोरांना खरंच माझ्याकडे पाठवत होतास. मी खाली पाहून काजं करत होतो आणि तू, खिडकीत बसल्यासारखा, रस्त्याकडे पाहून बोलायचास. मला वाटायचं तू विचारात आहेस. नऊ वर्षं आपण एकमेकांना घाबरून एका बाकाजवळ बसलो. मी तुझं पाहून कतरणी परत केल्या, तू माझं पाहून वहीतलं पान कोरं सोडलंस. दोघांनीही पहिलं काज ज्याचं पाहून केलं तो माणूस नव्हताच. आणि तरी हात वळला. हे कोणत्या मतात बसतं ते तुला विचारायचं राहून गेलं. रागही आहे आणि उपकारही आहेत, आणि दोन्ही कोणाला नेऊन द्यावे कळत नाही.

एका वाक्याचं काम होतं रे. तू म्हणाला असतास, किंवा मी.

"मंग लिहू का?" मी वहिनीला विचारलं.

तिनं सुपातला खडा वेचून टाकला. "लिहा, भाऊजी. लोक नमस्कार करत तवा त्याइले रात्री जेवन जात नवतं. आता तरी सुटू द्या."

म्हणून लिहिलं. प्राचार्यांना हवी होती तशी ही हकीकत नाही. छापायची की नाही, त्यांनी ठरवावं. त्यांना अडचण वाटली तर कागद मला परत द्यावे. पण पंचनाम्याला पंच दोन लागतात, आणि दुसरा पंच तर गेला. मग मी आज सकाळी सुखदेवाला दुकानात बोलावलं. तो तुझ्या जागेवर, बाकावर बसला. मी कागद पुढं केला. म्हटलं, मजकूर बरोबर असेल तर सही कर.

"वाचून दाखवा आधी," तो म्हणाला. "सरानं सही शिकवली तवा सांगतलं व्हतं, वाचल्याबिगर करू नको. कोनीबी असो."

मी पहिल्यापासून वाचलं. वाचताना चारदा थांबलो. तो जमिनीकडे पाहत ऐकत होता. शेवटास आलो तेव्हा म्हणाला, "समदं बराबर हाये. एक राह्यलं."

"काय?"

"दाराची दिशा इचारली तवा तुमी झटकन बोल्ले. सर नाही बोल्ले. सरानं पानी मागतलं. चपराशी मडक्यापाशी गेला, गिलास आनला. सर हळूहळू पेले. जज्जसायबानं पुन्हा इचारलं. तरी नाही बोल्ले. माह्याकडं पाह्यलं. तिसऱ्यांदा इचारलं तवा पूर्व म्हनले. म्या त्या दिवसापासून सरावर कधी राग नाही धरला. हे लिवा."

लिहिलं. मग त्यानं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली एकेक अक्षर जोडत आपलं नाव काढलं, तू शिकवलंस तसं.

मी पाणी मागितलं नव्हतं, दिगू. मला तहानच लागली नव्हती. तेव्हा नऊ वर्षं मी उगाच मान खाली घातली असं नाही. तू माझ्यापेक्षा बरा होतास, फार नाही, एका ग्लासभर पाण्याइतका.